घसरू नये इतपत

नोर्जमा, तू विचारतेस,
ट्रकचं तेल मोटरसायकलला चालेल का.
चालतं.
गोबीत निम्म्या गाड्या त्यावरच चालतात,
आणि उरलेल्या निम्म्या कशावर चालतात
हे त्यांच्या मालकांनाही ठाऊक नाही.

डिझेलचं तेल सोशीक.
काजळी पोटात घेतं, तळाशी बसू देत नाही,
दातेरी चाकांखाली भरडलं गेलं
तरी लवकर पातळ होत नाही.
ट्रॅक्टर स्टेशनात आम्ही एकाच पिंपातून
पंपाला, जनरेटरला, साहेबांच्या जीपला
आणि दाराच्या बिजागरीला तेच घालायचो.
कोणी तक्रार केली नाही.
बिजागरीनं तर नाहीच.

पण मोटरसायकलचं घर एका खोलीचं.
इंजिन, गिअर, क्लच
सगळ्यांची अंघोळ एकाच पाण्यात.
ट्रकचा क्लच कोरडा, वेगळा राहतो,
त्याला तेलाचा थेंब खपत नाही.
तुझ्या गाडीचा तेलात बुडालेला,
आणि बुडूनही त्याला पकडून ठेवायचं असतं.
काही तेलांत इंधन वाचावं म्हणून
जास्तीचा सुळसुळीतपणा मिसळतात.
इंजिन खूश होतं.
क्लचच्या चकत्या मात्र
एकमेकींना नुसत्या स्पर्श करतात,
धरत नाहीत.

म्हणून डबा उलटा करून
मागचं बारीक वाचायचं.
ओल्या क्लचला चालतं म्हणून लिहिलं असेल तर डोळे मिटून ओत.
कुठे आहे डबा?

तू पाण्याचा कॅन पुढे केलास.
पाच लिटर, झाकणाला फडकं बांधलेलं,
आत मधासारखं काहीतरी.
नाव नाही, गाव नाही.
दाशझेवेगनं पाठवलं, म्हणालीस.
तो सरहद्दीवर कोळशाच्या रांगेत आहे,
अठरा दिवस, कधी तेवीस.
नव्या वर्षाला आला नाही,
आईच्या दुखण्यात आला नाही,
येणाऱ्या ड्रायव्हरच्या हाती हे दिलं.

यावर मी काय बोलणार?
माझ्याकडे मोटरसायकलचं तेल होतं, सीलबंद,
विकायलाच ठेवलेलं.
मी नरसाळं शोधलं.

ओतताना एवढंच सांगितलं,
विहिरीपलीकडच्या चढावर
तिसऱ्यात घाल आणि मूठ पिळ.
आवाज चढला आणि गाडी चढली नाही
तर परत ये. हट्ट करू नकोस.

तू गेलीस.
मी कंटेनरच्या दारात उभा राहून ऐकत होतो.
सपाटीवर सुरेख, जुन्या धुळकट खडखडाटाचा मागमूस नाही.
मग चढ आला
आणि इंजिन ओरडायला लागलं,
ओरडतच राहिलं,
जसं फोनवर कोणी हॅलो हॅलो करत राहावं
आणि पलीकडचा मात्र जागचा हलू नये.

संध्याकाळी गाडी ढकलत आलीस.
बुटांत वाळू, गालांवर वारा.
काही बोलली नाहीस, मीही नाही.
बोल्ट सोडला, तेल काढलं,
चकत्या एकेक करून पेट्रोलनं धुतल्या.
जळल्या नव्हत्या, नशीब.
सीलबंद डबा फोडला.
पैसे मेंढी कातरल्यावर, ठरलं.

काढलेलं तेल मी खड्ड्याकडे नेत होतो.
तू म्हणालीस, फेकू नका.
त्याच्या ट्रकचं आहे,
तो आला की त्याला लागेल.

पन्नास किलोमीटरही न चाललेलं तेल.
खराब नव्हतंच ते कधी.
मी जुन्या मोज्यातून गाळून कॅनमध्ये भरलं,
खडूनं वर त्याचं नाव लिहिलं,
फळीवर ठेवलं, फॅनबेल्टांच्या शेजारी.

दोन हिवाळे झाले.
थंडीत ते खिमटीसारखं घट्ट होतं,
उन्हाळ्यात पुन्हा वाहायला तयार.
मी अधूनमधून कॅन तिरपा करून बघतो.
खडू पुसला की परत लिहितो.